मिस्त्री आणि माझी होडी

होडी मी विकत घेतली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या माणसाबद्दल सांगायचंय त्याच्या घरात राहून ही एवढी साधी गोष्टसुद्धा मला घसा कोरडा होईपर्यंत सांगत बसावी लागली. खोकं माझ्या नावानं आलं, माझ्या खोलीत आलं, आणि त्यावर माझा ताबा राहिला तो फार तर पहिला अर्धा तास.

तेव्हा मी कोल्हापुरात बँकेत होते. मूळची नगरकडची, बदली होऊन आलेली, एकटी. शिवाजी पेठेतल्या एका बोळात, तालमीच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. खाली घरमालक राहायचे. शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला उभा जन्म काढून रिटायर झालेले. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करतात, त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. हे लाकडी नमुने करण्यात त्यांची हयात गेली. सगळा बोळ त्यांना मिस्त्री म्हणायचा, त्यांची बायकोसुद्धा. बायकोला सगळे अक्का म्हणायचे. माहेर निपाणीच्या अलीकडचं, आवाज तालमीतल्या पोरांनाही गप्प करणारा. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असं बोलतात, तशाच अक्का बोलायच्या, आणि वर्षभरात मीही बँकेत 'मी जातो जेवायला' म्हणायला लागले होते.

मिस्त्रींचं पहिलं खटलं कोपऱ्यांवरून झालं. वाळूत टोकदार कोपरा टिकत नाही आणि ओतताना धातूला नेमकी तिथंच चीर जाते, म्हणून पॅटर्नवाले प्रत्येक आतला कोपरा बुजवून गोल करतात. फौंड्रीत करा की. पण रिटायर झाल्यावर या गृहस्थांनी घरातला एकेक कोपरा गोल करायला घेतला. मी बँकेतून आले तर माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याचे कोपरे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरलेले. पुढच्या आठवड्यात पुस्तकांचं कपाट. आता त्यात एक पुस्तक कोपऱ्याला नीट टेकेल तर शपथ. मी विचारलं, पुस्तकांना कसली चीर जाणार आहे? त्यावर माझ्याकडे बघून म्हणाले की आज न्हाय जायची. म्हणजे उद्या जाईल.

दुसरी खोड म्हणजे प्रत्येक वस्तू उलटी करून बघायची. साच्यातून कशी निघाली असेल ते म्हणे खालच्या बाजूला कळतं. चहा पिऊन झाला की कप उलटा. जेवायला बसले की ताट वाढायच्या आधी उलटं. माझी आई आली होती तेव्हा तिच्या हातातली बाळकृष्णाची पितळी मूर्ती घेऊन उलटी केली आणि बुडाशी बोट फिरवून 'चालंल' म्हणाले. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, जणू मूर्ती मीच उलटी केली होती. 'चालंल' ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी, हे तिला कुठून कळणार?

त्या वर्षी माझं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, मोबाइल सोडून हाताला दुसरं काहीतरी काम द्या. बँकेतल्या एकीनं क्रोशा सुचवला, दुसरीनं कुंड्या. मला दोन्हींचा कंटाळा. एका दुपारी ऑनलाइन चाळताना शिडाच्या लाकडी होडीचं किट दिसलं, 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलेलं, आणि मी ते मागवून टाकलं. का, ते विचारू नका. आमच्या गावाला पाणी टँकरनं यायचं, होडी मी बघितली ती चित्रातच. खोकं आलं त्या दिवशी बोळातल्या दोघांनी जिन्याशी उभं राहून विचारलं, म्याडम, पुराची तयारी काय? मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

शनिवारी सुट्टी होती. जमिनीवर पेपर पसरून मी एकेक तुकडा मांडला. होडीच्या बरगड्या, पातळ पट्ट्या, पितळेच्या बारक्या कड्या, दोरा, शिडांचं कापून ठेवलेलं कापड, तळाला लावायचं शिसं, आणि मोठ्या कागदावर नकाशा. इतकं छान वाटत होतं म्हणून सांगू. तेवढ्यात जिन्यात खोकला वाजला. मिस्त्री कधी दार वाजवायचे नाहीत, खोकायचे. आत आले, उकिडवे बसले, एक बरगडी उचलली, उलटी केली, वाकवली आणि मोडली. मोडून झाल्यावर मला म्हणाले, बघा, तुटतंय. मी काही बोलायच्या आत त्यांनी नकाशा गुंडाळला, जरा बघून देतो म्हणाले आणि खाली गेले. त्यानंतर तो नकाशा माझ्या मजल्यावर कधी आला नाही.

चार दिवस वाट बघून मी खाली गेले, तर सोप्यातल्या त्यांच्या टेबलावर शिवणीच्या लाकडाचे दोन लांबुळके ठोकळे आणि मिस्त्री एकावर छिन्नी चालवतायत. माझ्या पट्ट्या, बरगड्या एका पिशवीत घालून खुंटीला अडकवलेल्या. ते पॅकिंगचं लाकूड हाय, त्यात जीव न्हाय, असं त्यांचं म्हणणं. मी शांतपणे सांगितलं की हे किट आहे, यातले तुकडे जोडायचे असतात, तोच तर छंद. त्यावर म्हणाले, जोडायला काय, कुणीबी जोडंल. मी म्हटलं, अहो, ती कुणीबी म्हणजे मीच. मला जोडायचंय. तेव्हा त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी मला पॉलिश पेपरचा एक तुकडा दिला आणि ठोकळ्याची एक बाजू दाखवून म्हणाले, हे घासा.

मग माझा छंद असा सुरू झाला. मी घासायची, आणि मी उठले की त्याच जागी मिस्त्री पुन्हा घासायचे. माझ्यासमोर नाही, तेवढी सभ्यता होती. पण मी जिना चढायच्या आत खर्रखर्र सुरू. पुढच्या तपासणीला ब्लडप्रेशर आणखी वर गेलेलं. डॉक्टरांनी विचारलं, काही छंद सुरू केलात का? मी म्हटलं, केला ना, म्हणून तर.

शेवटी एका रविवारी मी पक्कं ठरवून खाली उतरले, की आज सगळं सामान उचलायचं आणि वर आणायचं. घरमालक झाले म्हणून काय झालं. अक्कांनी चहा दिला तो न पिता मी सांगून टाकलं की माझी होडी मला परत हवीय, मोडकीतोडकी का होईना, मी करीन. मिस्त्रींनी छिन्नी खाली ठेवली. ठोकळ्याला तोवर होडीचा पोटाकडचा बाक आला होता. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, "म्याडम, ह्यातनं दुसरं कायबी व्हायचं न्हाय."

मला कळेना. अक्कांनी सांगितलं ते असं. मिस्त्रींनी जन्मभर जे केलं ते वाळूत दाबून काढून घ्यायचं लाकूड. माल बाहेर जायचा तो लोखंडाचा, पंपाचा नाहीतर इंजिनाचा भाग, आणि त्यांचं लाकूड मांडणीवर धूळ खायचं. तो माल बंद झाला की पॅटर्न बाद. बाद झालेले पॅटर्न कामगारांना घरी न्यायची परवानगी होती. जळण म्हणून. मिस्त्री आपले आपण पोत्यात भरून आणायचे, मागच्या अंगणात कुऱ्हाडीनं फोडायचे आणि अक्का बंबात घालायच्या. "ह्यांच्या हातच्या कामावर आमच्या सगळ्या दिवाळीच्या आंघोळ्या झाल्यात," अक्का म्हणाल्या. "पाणी मातूर कडक तापायचं."

मिस्त्री काही हळवे वगैरे होऊन बोलले नाहीत. सरळ हिशेब सांगितल्यासारखं म्हणाले की आपण केलं ते सगळं साचे, खरा माल दुसराच. ही होडी तेवढी खरा माल होईल. पाण्यावर चालंल, आणि तीच चालंल. तिच्यावरनं दुसरं काय काढायचं नाही.

एवढं ऐकल्यावर सामान कोण उचलणार? मी गार झालेला चहा प्याले आणि हात हलवत वर आले. राग गेला होता असं मात्र नाही. वर येऊन मी कपाटाच्या गोल कोपऱ्यावर एक चापट मारली.

आता तुम्हाला वाटेल, इतकं मनावर घेतलंय तर माणूस होडी धडपणे करील. तिथंच तर खरी कटकट सुरू झाली. पोट कोरून तयार झालं, अगदी देखणं, बोट फिरवावंसं वाटेल असं. वरची फळी तेवढी मी हट्टानं किटमधली लावायला सांगितली, निदान एवढं तरी माझं असावं म्हणून. मिस्त्रींनी फळी बसवली तर पुढच्या टोकाला मसुरीच्या डाळीएवढी फट. मागे सरकवली तर फट मागे. कड्यांच्या जागा जुळेनात, शिडाची काठी ठरल्या भोकाशी येईना. मी म्हटलं, मिस्त्री, फळी आखूड पडतेय. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "गार झाल्यावर बसंल."

मी विचारलं, कोण गार झाल्यावर?

त्यांनी होडीकडे बघितलं, मग हातातल्या स्टीलच्या पट्टीकडे. मग हळूच स्टुलावर बसले. वितळलेला धातू गार होताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करतात, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. मिस्त्रींच्या घरात दुसरी पट्टीच नव्हती. त्यांच्याच पट्टीनं मापलेले माझे पडदे खिडकीपेक्षा लांब का, फडताळात डबे खुळखुळतात का, दाराची कडी सैल का, हे सगळं मला त्या एका मिनिटात कळलं. मी सहा महिने स्वतःच्या नजरेला दोष देत होते. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनरीच्या दुकानातून शाळेच्या पोरांची प्लॅस्टिकची पट्टी आणून दिली. त्यांनी ती हातभर लांब धरून बघितली आणि विचारलं, ह्यात जागा कुठं सोडलीया?

फळी त्यांनी नवी केली, अर्थात शिवणीची. म्हणजे तेही माझं गेलं.

कळंब्याच्या तलावावर पहिल्यांदा होडी सोडली ती एका रविवारी सकाळी. रिक्षानं गेलो, मी, मिस्त्री आणि नारळ घेऊन अक्का. शिडं अजून नव्हती, नुसती तरंगते का ते बघायचं होतं. मिस्त्रींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरले आणि होडी ठेवली. तरंगली. फार सुरेख तरंगली. अक्कांनी हात जोडले, मीही जोडले. आणि तेवढ्यात होडी मधोमध, लांबीत, भुईमुगाच्या शेंगेसारखी उघडली. एक फाक डावीकडे गेली, एक उजवीकडे, आणि शिसं तळाला.

झालं होतं असं. पॅटर्न वाळूतून काढायला सोपा जावा म्हणून तो बहुतेक दोन फाकांत करतात आणि फाका लाकडी खुंट्यांवर एकमेकींत नुसत्या बसवतात, चिकटवत नाहीत. मिस्त्रींनी होडी तशी केली होती, वरच्या फळीसकट. दोन ठोकळे मी पहिल्या दिवसापासून बघत होते, पण मला काय कळतंय त्यातलं, मला वाटलं पुढे चिकटवतील. त्यात वरून लावलेलं लाखेचं पॉलिश पाण्यानं पांढरं पडायला लागलेलं. ते पॉलिश वाळूसाठी असतं, पाण्यासाठी नाही. फिरायला आलेली माणसं थांबून हसत होती. मिस्त्री गुडघाभर पाण्यात उभे, आणि त्यांच्या तोंडून निघालं काय, तर "सांधा झकास सुटला." चांगलं काम बघून निघावं तसं. मग त्यांचा चेहरा उतरला.

मला हसू आवरेना. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड फिरवून तलावाच्या भिंतीकडे बघत बसले.

परतताना रिक्षात मिस्त्रींनी दोन मांड्यांवर दोन फाका ठेवल्या होत्या. रिक्षा रंकाळ्याच्या वळणाशी आली. मग ते म्हणाले, "हाताला कळंना झालंय म्याडम. मी होडी करतोय, हात साचाच करतोय." मला इतकं वाईट वाटलं आणि इतका रागही आला. अहो, मला विचारायचं ना. एवढं तर नवशिक्यांच्या नकाशावरही लिहिलेलं असणार, पण नकाशा कोणी मला बघू दिला तर.

पावसाळाभर ते सांधा बुजवत होते. पाण्यात न सुटणारा गोंद लावला, खुंट्या कापल्या, वरून रंग दिला, पांढरा, आणि खाली निळा. जन्मात पहिल्यांदा सांधा बुजवला म्हणायचे आणि येताजाता त्यावर अंगठा फिरवायचे. अक्का सांगायच्या, मी भाकरी थापतो हितं आणि हे बोलवत्यात, ये, सांधा सापडतोय का बघ. मलाही बोलवायचे. मी बँकेत निघालेली, हातात डबा, तरी खाली थांबून अंगठा फिरवायचा आणि सापडत नाही म्हणून सांगायचं. सापडत नव्हताच, ते खरं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची, यंत्रांची पूजा असते, आणि मिस्त्री रिटायर झाल्यावरही आपली छिन्नी-पटाशी घेऊन शिरोलीला जायचे. त्या वर्षी होडीही घेऊन गेले. मला विचारलं? छे. संध्याकाळी परत आले ते कपाळाला गुलाल, हातात पेढे आणि तोंड एवढंसं. मला वाटलं, ऊन लागलं.

अक्का वर आल्या. अक्का कधी वर येत नसत, गुडघे दुखायचे. म्हणाल्या, हे जेवंनात. धाकट्या मालकांनी, म्हणजे फौंड्री आता जे बघतात त्यांनी, पूजेत होडी बघितली होती. उचलून, उलटी करून वगैरे. आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, मिस्त्री, पॅटर्न एक नंबर झालाय. आपण अॅल्युमिनियममध्ये ओतून घेऊ, येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला. मधून कापून दोन फाका करून द्या, सोमवारी माणूस पाठवतो. आणि मिस्त्री 'व्हय मालक' म्हणून आले होते.

मी खाली गेले तेव्हा ते सोप्यात बसले होते. टेबलावर होडी आणि शेजारी बारीक दातांची करवत काढून ठेवलेली. मी चिडले. म्हटलं, हो कसं म्हणालात? त्यांना प्रश्नच समजला नाही. मालकाला न्हाय कसं म्हणायचं, असं ते उलट मलाच विचारत होते. जन्मभर तोंडाला जी सवय लागली तिच्यापुढे त्यांचा इलाज नव्हता. हाताची सवय त्यांनी पावसाळाभर घासून घालवली, तोंडाची राहिली होती. कापतो म्हणाले. कापून परत जोडीन. मग म्हणाले, न्हाय जोडायचं, ते कारखान्यातच राहील, नंबर टाकतील त्याच्यावर.

मग एकदम माझ्याकडे वळले.

"म्याडम, होडी कुणाची? तुमची का माझी?"

इतके दिवस मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो असा आला. मी म्हटलं, माझी. किट मी आणलंय. "मग मालकाला तसं सांगा की," ते म्हणाले आणि नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

मी बोलले. बँकेत थकबाकीदारांशी बोलून आवाज तयारच होता. सांगितलं की होडी माझी आहे, मिस्त्रींनी मला नुसती मदत केली, आणि मला ती द्यायची नाही, कापायची तर अजिबात नाही. मालक भला माणूस. म्हणाले, अहो म्याडम, मला वाटलं मिस्त्रींची. मग राहू द्या, आपण नंदीबैल करू. एवढंच. मी फोन ठेवला. मिस्त्रींनी करवत खुंटीला लावली आणि अक्कांना म्हणाले, वाढ.

इथं गोष्ट संपायला हवी होती. कुठल्याही शहाण्या माणसाची संपली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खोकला वाजला, मिस्त्री दारात, आणि त्यांच्या हातात होडी, किटची पिशवी, आणि, बघा, नकाशा. सगळं उंबऱ्याच्या आत ठेवलं. म्हणाले, शिडं राहिलीत, ती करा. मी म्हटलं, तुम्ही करा ना. तर म्हणाले, तुमची हाय. मालकाला शब्द गेलाय.

मला आधी वाटलं गंमत करतायत. मिस्त्री कधी गंमत करत नाहीत हे विसरले होते. त्या दिवसानंतर त्या माणसानं होडीला बोट लावलं नाही. मी समजावलं, भांडले, अक्कांना मध्ये घातलं. त्यांचं एकच. आपण मालकाला सांगितलं की होडी म्याडमची, आता ती म्याडमचीच पाहिजे, न्हायतर म्याडमनं खोटं सांगितलं असं हुईल. माझ्या खोटेपणाची त्यांना एवढी काळजी.

तेव्हा छंद मला अखेर करायला मिळाला, आणि काय सांगू, मला तो येत नव्हता. काठी मी डावीकडे कललेली चिकटवली. शिडं शिवताना एक बाजू ओढली गेली. दोऱ्याच्या गाठी तर अशा की पाहणाऱ्याला वाटावं राखी बांधलीय. मिस्त्री रविवारी वर यायचे आणि माझ्यासमोर बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्यांचा जीव खालीवर होताना दिसायचा. मी गाठ मारली की डोळे मिटायचे. सांगा तरी तोंडानं, मी ओरडायचे, तर म्हणायचे, तुमचं चाललंय की चांगलं. मला इतकं रडू यायचं की मी कात्री टाकून आत जायची. बाहेर आले तरी होडी तशीच, दोरा तसाच, आणि मिस्त्रींचे हात मांड्यांखालीच.

थंडीच्या शेवटी आम्ही पुन्हा कळंब्याला गेलो. या वेळी पाण्यात मी उतरले, ते काठावर. वारा होता. होडी सोडली, शिडं फुगली, होडी डावीकडे चांगलीच कलली आणि तशीच कललेली, पण चालली. सरळ तलावात आत गेली. एक थेंब आत आला नाही. मागे वळून बघितलं तर मिस्त्री उभ्याचे खाली बसले होते, डोक्यावरची टोपी काढून हातात. मी विचारलं, कसंय? त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "झुकतीया." आणि थोड्या वेळानं, "पण होडी हाय." तिला परत आणायला एका कोळ्याला विनवावं लागलं, कारण परत कशी आणायची याचा विचार आम्ही तिघांपैकी कुणीच केला नव्हता.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. टेम्पो भरला, आणि मी होडी घेऊन खाली गेले. म्हटलं, मिस्त्री, ही तुमच्याकडे राहू द्या. इथं तुमच्या टेबलावर. कोण बघायला येतंय? त्यांनी हात पाठीमागे बांधले. "न्हाय म्याडम. तुम्ही माझ्यापायी खोटं बोलला असं व्हायला नको," म्हणाले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, अक्का डोळ्यांना पदर लावून उभ्या. मला त्या माणसाचा इतका संताप आला की मी नीट निरोपही घेतला नाही. होडी मांडीवर घेऊन टेम्पोत बसले, आणि जयसिंगपूर मागे पडलं तरी माझा पारा उतरला नव्हता.

नंतर ते फोन करायचे. माझी खुशाली वगैरे नाही. कुणी मागितली न्हाय न्हवं, एवढंच विचारायचे. नाही म्हटलं की बरं म्हणून ठेवून द्यायचे. आणि कुणी विचारलं तर तुम्हीच केली म्हणून सांगा, असं बजावायचे. मीही तसंच सांगत आले. घरी येणारे होडी हातात घेतात, पोटावरून हात फिरवतात आणि म्हणतात, अगं, खालचं काम काय सुंदर जमलंय तुला, वरचं करताना एवढी घाई का केलीस? मी काय बोलणार? हसून चहा टाकायला आत जाते, आणि आत जाऊन भांडी आपटते.

गेल्या वर्षी अक्कांचा फोन आला. मिस्त्री गेले. झोपेत, त्रास झाला नाही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, होडी हाय न्हवं जाग्यावर? मी म्हटलं, आहे.

त्यानंतर मी खूप विचार केला. मालकाला गेलेला शब्द पाळायचा हट्ट मिस्त्रींचा होता. मी माझ्या तोंडानं मिस्त्रींना कधी काही कबूल केलं नव्हतं, नुसतीच भांडत होते. तेव्हा धाकट्या मालकांनी हे वाचलं तर खुशाल वाचू देत. फोनवर मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, मालक. होडी मिस्त्रींची आहे. वरची शिडं तेवढी माझी, आणि ती वाकडी आहेत.